अंश आणि छेद (अपूर्णांकी समीकरणांतील)

अपूर्णांकात रेघेच्या वर असतो तो अंश आणि खाली असतो तो छेद. छेद म्हणजे कापणे, अंश म्हणजे वाटा. भाकरीचे चार सारखे तुकडे करून तीन घेतले की ३/४, म्हणजे पाऊण भाकरी झाली. तुकडा केवढा हे छेद सांगतो आणि असे तुकडे किती हे अंश सांगतो. छेद वेगळे असताना अंशांची सरळ बेरीज करता येत नाही, ती याचमुळे. १/२ + १/३ चे उत्तर २/५ काढणाऱ्या मुलाला एवढेच विचारावे: २/५ तर अर्ध्याहून कमी, मग अर्ध्यात भर घालून ते कमी कसे झाले?

समच्छेद करण्याची, म्हणजे सगळे छेद सारखे करून घेण्याची रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) आहे. तिथे छेदाला हर असाही शब्द येतो. त्याच ग्रंथातले भुंग्यांचे उदाहरण या विषयासाठी फार सुंदर आहे. थव्याचा १/५ भाग कदंबावर गेला, १/३ शिलींध्रावर, या दोन भागांतील फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरला. तर एकूण भुंगे किती? थवा क्ष मानला तर

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

छेद ५ आणि ३, त्यांचा लसावि (दोघांनीही भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) १५. दोन्ही बाजूंना १५ ने गुणले की ३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष, म्हणून क्ष = १५. ताळा: ३ + ५ + ६ + १ = १५. यात १५ ने गुणायचे ते प्रत्येक पदाला. एकट्या १ खाली छेद दिसत नाही म्हणून तो तसाच सोडला, तर समीकरणच बदलते.

जुन्या भारतीय हस्तलिखितांत अंशाखाली छेद लिहीत, मधे रेघ नसे; रेघ बाराव्या शतकातील अरबी गणितात दिसते. आजच्या बीजगणितात ही रेघ कंसाचेही काम करते आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

(क्ष + १)/२ − (क्ष − ३)/४ = ३

इथे ४ ने गुणल्यावर २(क्ष + १) − (क्ष − ३) = १२ मिळते. कंस सोडवताना −३ चे +३ होते आणि क्ष = ७ येतो: ८/२ − ४/४ = ४ − १ = ३. कंस न घालता ‘− क्ष − ३’ लिहिले तर क्ष = १३ येतो, आणि ताळ्यात डावी बाजू तीनऐवजी साडेचार भरते. छेद काढून टाकताना अंशाला कंस घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, कारण मागाहून ती लागता लागत नाही.

तिरकस गुणाकार, म्हणजे प्रत्येक बाजूच्या अंशाला समोरच्या बाजूच्या छेदाने गुणणे, हा याच रीतीचा आखूड मार्ग. दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तेव्हाच तो चालतो. अपूर्णांकांच्या मधे अधिक-उणे असेल तर नाही.

चल (इथे क्ष) छेदात असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) मध्ये छेद काढले की क्ष = २ मिळतो, पण त्या किमतीला छेदच शून्य होतो आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून या समीकरणाला उकल नाही.