खेकडा तेजोमेघ आणि त्याच्या पोटातला तारा

जानेवारीच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास वृषभ रास कोकणात जवळजवळ डोक्यावर असते. तारकर्ली-वेंगुर्ल्याकडच्या काळोख्या किनाऱ्यावरून साध्या दुर्बिणीने बैलाच्या दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाशी पाहिले, तर फिकट, लांबट धुरकट ठिपका दिसतो. हाच खेकडा तेजोमेघ, म्हणजे अवकाशातला वायूचा प्रकाशमान ढग. अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे.

ज्या ताऱ्याच्या स्फोटातून तो निर्माण झाला, त्या स्फोटाची नोंद चिनी निरीक्षकांनी ४ जुलै १०५४ रोजी केली. हा अतिनवतारा (स्फोट होऊन प्रचंड तेजाळलेला तारा) २३ दिवस भरदिवसा दिसत होता. शिलाहारांच्या कोकणात तेव्हा ऐन पावसाळा असणार; पण रात्री तो १०५६ पर्यंत नुसत्या डोळ्यांनी दिसत राहिला, म्हणजे इथल्या लोकांच्याही नजरेस तो पडला असावा.

मोठ्या दुर्बिणीतून या धुरकटपणाचे दोन भाग वेगळे होतात. बाहेर वायूच्या तंतूंचे जाळे आहे. त्याच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशात, हायड्रोजन, नायट्रोजन व गंधकाच्या तांबड्या आणि ऑक्सिजनच्या हिरव्या रेषा ठळक दिसतात. आपल्याकडे येणाऱ्या तंतूंच्या रेषा निळ्या बाजूला आणि दूर जाणाऱ्यांच्या तांबड्या बाजूला सरकलेल्या असल्यामुळे प्रसरणाचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर ठरतो. आत मात्र रेषा नसलेला निळसर प्रकाश आहे. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या वेगाच्या आसपास गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन तो उत्सर्जित करतात, हे १९५० च्या दशकात त्याच्या ध्रुवीकरणावरून (प्रकाशलहरी ठरावीक दिशेतच कंप पावण्यावरून) सिद्ध झाले.

तंतूंची गती उलट मोजत गेल्यास स्फोट १०५४ मध्ये नव्हे, तर बाराव्या शतकात झाल्याचे उत्तर येते! मला या तेजोमेघाविषयीची ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते, कारण तिचा अर्थ इतकाच की वायूचा वेग मध्यंतरी वाढला आहे, त्याला आतून कोणीतरी रेटते आहे.

रेटणारा तारा छायाचित्रांत कधीचाच होता. १९४२ मध्ये बाडे आणि मिन्कोव्स्की या खगोलशास्त्रज्ञांनी मध्यावरच्या सोळाव्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) एका ताऱ्यावर बोट ठेवले होते, पण तासन्‌तास उघड्या ठेवलेल्या छायाचित्रपट्टीवर त्याची झपाट्याने होणारी उघडझाप मिसळून जाऊन तो स्थिर तेजाचाच दिसणार. १९६८ मध्ये रेडिओ दुर्बिणींना इथून स्पंद मिळाले आणि जानेवारी १९६९ मध्ये अ‍ॅरिझोनातील कॉक, डिस्नी व टेलर यांनी प्रकाशमापकाकडून येणारे संकेत रेडिओ स्पंदांच्या आवर्तकाळानुसार एकावर एक रचत नेले. दर ३३ मिलिसेकंदांनी एक मोठे व एक छोटे शिखर उमटले. सेकंदाला तीस फेऱ्या स्वतःभोवती घेणारा हा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटानंतर उरलेला ताऱ्याचा अतिघन गाभा आहे. त्याचा आवर्तकाळ दररोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी लांबतो. हा आकडा क्षुल्लक वाटला, तरी त्यातून मोकळी होणारी ऊर्जा लाखभर सूर्यांइतकी भरते आणि तेजोमेघाचा सारा प्रकाश तीवरच पोसला जातो.

याचे जुळे भावंड म्हणावे असे अवशेष मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षांवर आहेत. तिथला स्पंदक (असाच स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा) ५० मिलिसेकंदांत एक फेरी घेतो. १९८४ मध्ये तो क्ष-किरणांत सापडला, पुढच्याच वर्षी त्याचे दृश्य स्पंदही नोंदले गेले. मात्र त्याची प्रत बाविसाव्याच्याही पलीकडची आहे. शिवाय आकाशात तो अगस्त्याच्याही बराच खाली असल्याने वेंगुर्ल्याहून क्षितिजावर पाच अंशही चढत नाही आणि तिथल्या दाट हवेत हरवतो. म्हणून त्याची कामे चिलीतील मोठ्या दुर्बिणींकडे आणि हबल या अवकाश दुर्बिणीकडे जातात.