दहावी-बारावीनंतरचा डिप्लोमा: ब्रँच ठरवण्याआधी शिक्का बघा

प्रवेश अर्ज व शिष्यवृत्ती सेवा केंद्राचं माहितीपत्रक
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या विद्यार्थी व पालकांसाठी

एसएसएलसीचा (दहावीचा) निकाल लागला की आमच्या काउंटरवर पहिला प्रश्न ब्रँचचा येतो. मेकॅनिकल घ्यावं की कॉम्प्युटर सायन्स? पालकांना आम्ही हा प्रश्न जरा बाजूला ठेवायला सांगतो. आधी हे विचारा, की शेवटी हातात पडणाऱ्या कागदावर शिक्का कुणाचा असणार आणि तो कुठंकुठं चालतो? आपण सीमेवरची माणसं. खानापूरच्या पोराला नोकरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लागेल, गोव्यात लागेल, नाहीतर पुण्याला. कागद तिन्ही ठिकाणी चालायला हवा.

कर्नाटकातला इंजिनिअरिंग डिप्लोमा तीन वर्षांचा, सहा सेमिस्टरचा. तो राज्याच्या महाविद्यालयीन व तांत्रिक शिक्षण खात्याच्या अखत्यारीत येतो; जुनी माणसं अजून ‘डीटीई’च म्हणतात. कॉलेजला एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता लागते. ती कॉलेजच्या पाटीवर वाचू नका. एआयसीटीईच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, त्यात कॉलेजचं नाव आणि तुम्हाला हवी ती ब्रँच चालू वर्षासाठी आहे का ते बघा. कॉलेज मान्य असतं आणि नवी ब्रँच अजून मान्य व्हायची असते, असंही होतं. आमच्याकडे आलात तर हे तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

आयटीआयचा कारभार वेगळा. तिथं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी, मिळणार का तेवढं विचारा. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर आणि कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) एका वर्षाचे. डी.फार्म. हवं असेल तर बारावी सायन्स लागतं. दोन वर्षांचा कोर्स, त्यावर फार्मसी कौन्सिलची मान्यता आणि अलीकडच्या नियमांप्रमाणे फार्मासिस्ट म्हणून नोंदणीआधी एक्झिट परीक्षा. लॅब टेक्निशियनसारखे पॅरामेडिकल डिप्लोमे राज्याच्या पॅरामेडिकल बोर्डाचे असतात: एसएसएलसीनंतर तीन वर्षं, पीयूसी (बारावी) सायन्सनंतर दोन.

हल्ली मोबाइलवर ‘असोसिएट डिग्री’च्या जाहिराती दिसतात आणि पोरं विचारायला येतात. ही अमेरिकेतली पद्धत आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात साधारण ६० क्रेडिटचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. काही थेट नोकरीसाठी असतात, काही पुढं चार वर्षांच्या पदवीत जाण्यासाठी. त्यांच्या देशात त्याला मान आहे. आपल्याकडे मात्र पदवी म्हणजे बारावीनंतर किमान तीन वर्षं. दोन वर्षांची ‘डिग्री’ कुणी बेळगावातल्या एखाद्या गाळ्यात बसून देत असेल, तर ती पदवी म्हणून धरली जाणार नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे बी.व्होक., व्यवसाय शिक्षणाची पदवी. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ते २०१४ मध्ये आणलं. एक वर्षानंतर डिप्लोमा, दोन वर्षांनी अॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. मध्येच थांबावं लागलं तरी हात रिकामे राहत नाहीत, ही त्यातली चांगली बाजू.

पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या यूजीसी कायद्याप्रमाणे विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी काढते आणि त्या यादीत आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाकचं एक नाव वर्षानुवर्षं होतं. म्हणजे असले प्रकार दिल्ली-बिहारकडे होतात, इकडं नाही, असं समजू नका.

लहान कॉलेज वाईट का?

मुळीच नाही. उलट दहावी मराठी माध्यमातून झालेल्या पोराला साठ-साठच्या तीन तुकड्यांपेक्षा लहान वर्ग बरा पडतो, कारण मास्तरांना नाव माहीत असतं. पण लहान कॉलेज निवडताना इमारत बघू नका, वर्कशॉप बघा. सुट्टीच्या दिवशी नको, चालू दिवशी जा. लेथच्या खाली ताजा लोखंडी चुरा आहे का? व्हर्निअर कपाटात कुलूपबंद आहे, की पोरांच्या हातात? सीएनसी (संगणकावर चालणारं) मशिन असेल तर त्यावर शेवटचा जॉब कधी झाला ते मशिनजवळच्या माणसाला विचारा, ऑफिसातल्या माणसाला नको. कॉम्प्युटर ब्रँच असेल तर दोघांत एक मशिन की प्रत्येकाला एक, तेवढं बघितलं तरी पुरे. आणि शेवटच्या वर्षाच्या दोन पोरांना चहाच्या टपरीवर गाठा. माहितीपुस्तिकेत नसतं ते तिथं कळतं.

प्लेसमेंटच्या बोर्डावरचे फोटो बघून आम्ही कुणालाही कॉलेज सुचवत नाही. कंपनीचं नाव, गाव आणि पहिल्या वर्षाचा पगार हे तिन्ही सांगणारं कॉलेज असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्या भागात मशिनवरचं काम जाणणाऱ्याला मागणी आहे, हे उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा इकडं फिरलं तरी कळतं. बेळगाव फाउंड्रीचं गाव आहे. पंप, व्हॉल्व्ह, गाड्यांचे सुटे भाग इथं ओतले आणि घडवले जातात. हत्तरगीजवळच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांचे भाग बनतात. तिथं मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस हवा असतो. ज्याला हाताने काम आवडतं त्याने उद्यमबागेतल्या जीटीटीसीचा (सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्राचा) टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा जरूर बघावा. तीन वर्षं शिकणं आणि वर एक वर्ष कारखान्यात प्रशिक्षण. शिस्त कडक आहे, आधीच सांगून ठेवतो.

मराठी माध्यमाची भीती

डिप्लोमाची पुस्तकं मुख्यतः इंग्रजी. पहिलं सेमिस्टर जड जातं, विशेषतः गणित, कारण शब्दच नवे असतात. ‘अंश-छेद’ माहीत असतात, ‘न्यूमरेटर-डिनॉमिनेटर’ म्हटलं की पोरगं गप्प. जूनमध्ये दहावीचं इंग्रजी माध्यमाचं गणित आणि विज्ञानाचं पुस्तक आणून नुसते शब्द जुळवले तरी निम्मं काम होतं. कन्नड हा विषयही अभ्यासक्रमात असतो. जे कधीच कन्नड शिकले नाहीत त्यांच्यासाठी ‘बळके कन्नड’, म्हणजे बोलण्यापुरतं कन्नड, असा वेगळा पेपर आहे. आमचं स्पष्ट मत: कन्नड मनापासून शिका. वर्कशॉपातला फोरमन रायबागचा, कन्नड बोलणारा असतो आणि मालक टिळकवाडीतला, मराठी. दोघांशी बोलता आलं तर तुमचं काम अडत नाही.

पलीकडे, महाराष्ट्रात जायचं असेल तर

चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडच्या पॉलिटेक्निकमध्ये जाणारेही बरेच असतात. महाराष्ट्र शासन ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतं, तिथल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या तंत्रशिक्षण प्रवेशात स्वतंत्र प्रकार आहे. वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यावर आम्ही इथं काही बोलत नाही. आमचा संबंध अर्जाशी. त्यासाठी दोन दाखले लागतात, एक सीमाभागातल्या रहिवासाचा आणि दुसरा मातृभाषेचा. ते ठरलेल्या नमुन्यातच हवेत. साध्या कागदावर सरपंचांचं पत्र आणलं तर अर्ज परत येतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. जातीचा दाखला राज्याबाहेर त्याच सवलतीने चालत नाही. इथं कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गांच्या ३ बी प्रवर्गात येतो. तो दाखला घेऊन कोल्हापुरात आरक्षण मागता येणार नाही. तसंच कुणी राज्यघटनेच्या ‘३७१ जे’ कलमाची सवलत मिळवून देतो म्हणाला तर हसून सोडून द्या. ती कल्याण कर्नाटकासाठी (कलबुर्गी, बिदर वगैरे जिल्ह्यांसाठी) आहे, बेळगाव जिल्हा त्यात नाही.

मुलींच्या बाबतीत हिशोब जरा वेगळा लागतो. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसने फुकट प्रवास आहे. नंदगड किंवा जांबोटीहून रोज बेळगावला यायचं तर बसचा खर्च शून्य. कोल्हापूरला ठेवायचं तर हॉस्टेल, मेस, प्रवास सगळं आलं. शिवाय एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती: मान्यताप्राप्त डिप्लोमात निवड झालेल्या मुलीला वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. वर्गातली मुलगी कितीही हुशार असली तरी अर्ज केल्याशिवाय ती मिळत नाही, आणि अर्ज न करणाऱ्या मुली आम्हाला दरवर्षी भेटतात.

डिप्लोमानंतरचे रस्ते

पुढं शिकायचं असेल तर केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची) डीसीईटी, म्हणजे डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दोन वर्षांचा आयटीआय किंवा पीयूसी सायन्स झालेल्यांना डिप्लोमाच्या तिसऱ्या सेमिस्टरला थेट प्रवेश. म्हणजे दहावी, आयटीआय, डिप्लोमा, इंजिनिअरिंग असा जिना एकेक पायरीने चढता येतो. आयटीआय म्हणजे नापासांची जागा, असं घरात बोलू नका.

नोकरीच करायची तर आधी एक वर्ष अप्रेंटिस करा, असं आम्ही सांगतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ही सोय आहे, नोंदणी एनएटीएस (राष्ट्रीय अप्रेंटिस प्रशिक्षण योजना) पोर्टलवर. डिप्लोमावाल्याला २०१९ च्या नियमांत महिन्याला किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. रक्कम थोडी वाटेल, पण त्या एका वर्षाचं प्रमाणपत्र नंतर कामाला येतं.

आम्ही काय करतो, काय करत नाही

अर्ज भरतो, कागद तपासतो, एसएसपी (कर्नाटकाचं शिष्यवृत्ती पोर्टल) आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलचं काम करतो. दर काउंटरवर लावलेत, पावती मिळते. कुठल्याही कॉलेजकडून आम्ही कमिशन घेत नाही. मॅनेजमेंट सीटची बोलणी करत नाही. त्यासाठी येऊ नका.

मूळ मार्क्सकार्ड आणि टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) कॉलेजने बघून परत द्यायला हवीत, ठेवून घ्यायची नाहीत. ठरलेल्या तारखेआधी जागा सोडली तर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. हे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून प्रवेश घेतानाच फीची छापील पावती घ्या आणि जपून ठेवा.

येताना एसएसएलसी मार्क्सकार्ड, आधार, जात व उत्पन्नाचा दाखला आणा. दाखला नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) काढलेला आणि त्यावर आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) असलेला हवा. खेड्यातल्या शाळेत शिकला असाल तर बीईओंच्या (गट शिक्षणाधिकाऱ्यांच्या) सहीचा ग्रामीण दाखला. मधली काही वर्षं पलीकडच्या शाळेत काढली असतील तर प्रत्येक शाळेचा वेगळा अभ्यास दाखला लागेल. तो जूनमध्ये काढायला गेलात तर हेडमास्तर भेटत नाहीत, एप्रिलमध्येच काढा.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. मार्क्सकार्डवर आडनावाचं नुसतं एक अक्षर, आधारवर पूर्ण नाव, बँकेत तिसरंच स्पेलिंग. शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, त्यामुळे हे तिन्ही आधी एकसारखं करून घ्या. आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर आणा. ओटीपी त्यावरच येतो, आणि तो मोबाइल घेऊन वडील ड्यूटीवर गेलेले असले तर तुम्हाला दुसऱ्यांदा यावं लागेल.