कार्ड नाही म्हणून सरकारी दवाखान्यात पैसे पडतात?

आमच्या शेजारच्या काकू गुडघ्याच्या दुखण्यासाठी उपजिल्हा रुग्णालयात जायलाच तयार नव्हत्या. कारण काय, तर ‘आयुष्मान कार्ड निघालं नाही अजून, खिडकीवर पैसे मागतील.’ हा समज घरोघरी आहे, आणि चुकीचा आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. विमा असो वा नसो, रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं, फरक पडत नाही.

गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. ससून, जेजे ही रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर केईएम, सायन महापालिकेकडे. त्यांना हा निर्णय लागू नाही. तिथे केसपेपर, सोनोग्राफी वगैरेंचे ठरलेले दर असतात. खासगीच्या मानाने किरकोळच, पण फुकट नव्हे. पाटीवर ‘सरकारी’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, रुग्णालय कोणाचं आहे ते बघा.

मग कार्ड कशाला? आयुष्मान भारतसोबत एकत्र चालणाऱ्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते यादीतल्या उपचारांसाठी आणि योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच, मग ते खासगी असलं तरी चालतं. मोठी शस्त्रक्रिया निघाली की ते कामाला येतं. साध्या तापाच्या ओपीडीला नाही. डॉक्टरांना नुसतं दाखवून आलात तर योजनेचा प्रश्नच येत नाही. दाखल व्हायचं असेल तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा, त्याचं टेबल बहुतेक वेळा नोंदणीच्या खिडकीजवळच असतं.

काकू शेवटी गेल्या. आधार कार्ड तेवढं नेलं होतं.