एआयमुळे काम निम्म्या वेळात होतं? आकडा खरा, अर्थ चुकीचा

‘एआय घेतलं की कोडिंग निम्म्या वेळात, मग टीमही निम्मी पुरे,’ असं मीटिंगांमध्ये सर्रास ऐकू येतं. आधार म्हणून ‘५५ टक्के वेळ वाचतो’ हा आकडा पुढे केला जातो. तो गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाच्या २०२२ सालच्या प्रयोगातला. ९५ प्रोग्रामरना जावास्क्रिप्टमध्ये एक वेब सर्व्हर लिहायला दिला. कोपायलट हा गिटहबचा कोड सुचवणारा एआय मदतनीस वापरणाऱ्यांना सरासरी १ तास ११ मिनिटं लागली, इतरांना २ तास ४१ मिनिटं. पण तिथे ना जुना कोड होता, ना टीम, ना रिव्ह्यू.

२०२५ मध्ये ‘मीटर’ या संशोधन संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स (म्हणजे सर्वांना खुला असलेला कोड लिहिणाऱ्या) डेव्हलपरांची, त्यांच्या ओळखीच्याच प्रकल्पांतली २४६ कामं तपासली. एआयला परवानगी होती तिथे १९ टक्के जास्त वेळ लागला. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की काम संपल्यावरही आपण २० टक्के लवकर आटोपलं, असंच त्यांना वाटत होतं! म्हणून ‘मला फरक जाणवतो’ हा पुरावा धरू नये.

हाही प्रयोग छोटाच, त्यावरून एआय निरुपयोगी ठरत नाही. पण कोड भराभर येऊ लागला की तो वाचून, तपासून मंजूर करणाऱ्या सीनियरकडे रांग लागते. त्या ५५ टक्क्यांत ही रांग मोजलेलीच नाही.