थकवा, दीर्घकालीन : जीवनसत्त्व व खनिज पूरके

महिनोन्महिने रेंगाळणारा, विश्रांतीनेही न हटणारा थकवा कमी व्हावा म्हणून घेतली जाणारी पोषकद्रव्ये. थकवा हे लक्षण आणि दीर्घकालीन थकवा संलक्षण (सिंड्रोम) हा विकार वेगळे आहेत. संलक्षणाचे निकष १९८८, १९९४ आणि २०१५ मध्ये बदलत गेले. श्रमानंतर त्रास बळावणे ही अट २०१५ पासून आवश्यक मानली जाते. त्यामुळे जुन्या चाचण्यांतील रुग्ण एकाच विकाराचे होते असे म्हणवत नाही. संलक्षण बरे करण्यासाठी पूरके देऊ नयेत, असे ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते.

पुरावा त्यातल्या त्यात भक्कम आहे तो लोहाचा. हिमोग्लोबिन उतरण्याआधीच शरीरातील लोहाचा साठा आटतो. तो रक्तातील फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून कळतो. निरोगी प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, अनेक चिकित्सक ३० धरतात. हिमोग्लोबिन प्राकृत, पण फेरिटिन ५० पेक्षा कमी असलेल्या १९८ स्त्रियांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ८० मिग्रॅ. लोह १२ आठवडे दिल्यावर थकव्याचे गुण सुमारे ४८ टक्क्यांनी उतरले. मात्र औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीनेही ते सुमारे २९ टक्क्यांनी उतरले होते. ३० ही मर्यादा व्यवहारात अधिक उपयुक्त दिसते. शरीरात दाह असल्यास फेरिटिन फसवे वाढते. अशा वेळी ट्रान्सफेरिन संपृक्तता (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनाचा लोहाने भरलेला भाग) २० टक्क्यांखाली आहे का ते पाहावे.

मात्रा मोजताना गोळीचे वजन नव्हे, त्यातील मूळ लोह धरावे : शुष्क फेरस सल्फेटच्या २०० मिग्रॅ. गोळीत ते सुमारे ६५ मिग्रॅ. असते. एवढ्या मात्रेनंतर यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि साधारण दिवसभर पुढचे शोषण रोखते. म्हणून एक दिवसाआड एकच गोळी रोजच्या गोळीपेक्षा चांगली शोषली जाते, पोटालाही सोसवते. ती उपाशीपोटी घ्यावी. चहा, कॉफी व कॅल्शियम तिच्यासोबत टाळावे, थायरॉक्सिन या थायरॉइडच्या औषधापासून चार तासांचे अंतर ठेवावे. शौच काळी होणे अपेक्षितच असते. हिमोग्लोबिन सावरल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवतात. पातळी वाढतच नसेल तर रक्तस्राव किंवा सीलिअॅक रोग (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा) शोधावा. लोहसंचय विकारातही थकवाच येतो आणि तेथे लोह अपायकारक ठरते. तपासणीविना गोळ्या सुरू करू नयेत.

ब-१२ जीवनसत्त्व जठरातील ‘आंतरिक घटक’ या प्रथिनाच्या साहाय्याने शोषले जाते. तो नसला तरी तोंडावाटे घेतलेल्या मात्रेचा सुमारे एक टक्का आत शिरतो, म्हणून १,००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध किंवा आम्लरोधके दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही कमतरता पाहावी. ती न तपासता केवळ फॉलिक आम्ल दिल्यास रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

मॅग्नेशियमची ख्याती १९९१ च्या, अवघ्या ३२ रुग्णांच्या चाचणीवर उभी आहे. तांबड्या पेशींतील ज्या कमतरतेवर ती आधारली होती, ती नंतरच्या अभ्यासांत आढळली नाही. ड जीवनसत्त्व कमतरता असल्यासच द्यावे : अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढून थकवाच येतो. ब-६ च्या दीर्घकाळच्या अतिमात्रेने हातपाय बधिर होतात.

अधिक मात्रेच्या बायोटिन या ब-गटातील जीवनसत्त्वामुळे काही प्रयोगशाळा-पद्धतींत टीएसएच (अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) खोटे कमी दिसते. थकव्यामागील अवटू ग्रंथीची मंदता त्यामुळे झाकली जाऊ शकते. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बायोटिन थांबवावे.