एक खंड काढल्यानंतरचा श्वास

फुप्फुसाच्या कर्करोगाची गाठ वेळेत सापडली आणि ती काढता येईल असे सर्जनने सांगितले, की घरच्यांच्या मनात दिलाशाच्या पाठोपाठ धास्ती येते: एवढे फुप्फुस काढल्यावर श्वास पुरेल का? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शस्त्रक्रियेआधीच बऱ्याच अंशी आकड्यांत मांडता येते, हे मात्र फार थोड्या कुटुंबांना समजावून सांगितले जाते.

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात आणि डाव्याचे दोन. या खंडांचे आणखी लहान भाग, म्हणजे उपखंड, हिशेबासाठी उजवीकडे १० आणि डावीकडे ९ असे एकूण १९ धरतात. पीएफटी या तपासणीत रुग्ण छाती भरून श्वास घेतो आणि नळीत जोराने सोडतो. त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा हा महत्त्वाचा आकडा. समजा तो २ लिटर आहे आणि उजवा वरचा खंड काढायचा आहे. त्यात ३ उपखंड असतात, म्हणून १९ पैकी १६ भाग उरतील आणि आकडा सुमारे १.७ लिटरवर येईल. उजवा खालचा खंड गेला तर ५ उपखंड जातात आणि १.५ लिटरच्या आसपास उरतात.

सगळे उपखंड सारखेच काम करतात असे या गणितात गृहीत धरलेले असते. जुन्या क्षयाचे व्रण, वर्षानुवर्षांची विडी किंवा चुलीचा धूर यांनी फुप्फुसाचा एखादा भाग आधीच निकामी झाला असेल, तर हे गृहीतक टिकत नाही. अशा वेळी कोणत्या भागाकडे किती रक्त जाते हे दाखवणारा स्कॅन करतात. हवेतला वायू रक्तात किती सहज उतरतो, हे मोजणारी डीएलसीओ ही वेगळी तपासणीही तितकीच महत्त्वाची असते, कारण हवा आत-बाहेर उत्तम होत असूनही वायूची देवाणघेवाण कमजोर असू शकते. आकडे काठावरचे आले तर रुग्णाला जिना चढायला लावतात. न थांबता २२ मीटर उंची, म्हणजे साधारण सात मजले, चढू शकणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा धोका कमी मानला जातो.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत मात्र फुप्फुसाची क्षमता या हिशेबापेक्षाही खाली गेलेली असते. बरगड्यांमधली जखम दुखते म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबून धरतो. त्यामुळे फुप्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटतात, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हणूनच वेदनाशामक औषध वेळच्या वेळी घेणे ही चैन नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. उशी छातीशी घट्ट धरून खोकणे आणि शक्य तितक्या लवकर खाटेवरून उठून चालू लागणे, हेही तसेच.

खाटेशेजारी ठेवलेल्या तीन चेंडूंच्या यंत्राविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यात चूक फार होते. पुष्कळ रुग्ण त्यात फुंकर मारतात. वास्तविक त्यातून हवा आत ओढायची असते. तीन चेंडू सहसा सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० मिलिलिटर वेगाने हवा ओढली की वर जातात. एका झटक्यात तिन्ही चेंडू उडवले की घरचे खूश होतात, पण तो श्वास आखूड असतो. एक किंवा दोनच चेंडू सावकाश वर नेऊन दोन-तीन सेकंद तिथेच तोलून धरले, तर हवा तळापर्यंत पोहोचते आणि मिटलेले वायुकोश उघडतात.

हवा आणि स्राव बाहेर पडावा म्हणून शस्त्रक्रियेनंतर छातीत ठेवलेली नळी पाण्याच्या बाटलीला जोडलेली असते. श्वासागणिक नळीतले पाणी वरखाली होणे स्वाभाविक आहे. बाटलीत बुडबुडे येत असतील तर फुप्फुसाच्या कापलेल्या कडेतून अजून हवा झिरपते आहे, असा सहसा त्याचा अर्थ असतो. ते थांबले आणि स्राव कमी झाला की नळी काढतात.

पुढच्या तीन ते सहा महिन्यांत उरलेले खंड फुगून रिकामी जागा व्यापतात, त्या बाजूचे श्वासपटल थोडे वर सरकते आणि पीएफटीचा आकडा सुधारत जातो. पुष्कळदा तो १९ भागांच्या हिशेबापेक्षा चांगलाच निघतो. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा दीर्घकालीन आजार, असलेल्या काही रुग्णांत तर फुगून निरुपयोगी झालेला वरचा खंड निघाल्याने शेजारच्या निरोगी भागाला जागा मिळते आणि श्वासाची घट फारच थोडी राहते. संपूर्ण फुप्फुस काढावे लागले, तर मात्र इतकी भरपाई होत नाही. तरीही १९३३ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी ज्यांचे संपूर्ण डावे फुप्फुस काढले, ते रुग्ण (जे स्वतःही डॉक्टर होते) त्यानंतर सुमारे ३० वर्षे जगले.

कमी काढून भागेल का, हा प्रश्न आता नव्याने विचारला जातो. जपानमधील ११०६ रुग्णांच्या अभ्यासात २ सेंटिमीटरपर्यंतच्या, फुप्फुसाच्या कडेकडील गाठींसाठी संपूर्ण खंडाऐवजी फक्त उपखंड काढून पाहिला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण उपखंडवाल्या गटात ९४.३ टक्के, तर खंडवाल्या गटात ९१.१ टक्के होते. गंमत म्हणजे दोन गटांच्या श्वासक्षमतेतला फरक अपेक्षेपेक्षा बराच लहान, वर्षअखेर साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. गाठ त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण मात्र उपखंडवाल्या गटात जास्त होते. त्यामुळे हा पर्याय निवडताना गाठीचा आकार आणि जागा काटेकोरपणे पाहावी लागते.

आकडा सुधारला तरी चालताना दम लागतो, अशी तक्रार काही रुग्ण करतात आणि ती खरी असते. आठवडेच्या आठवडे अंथरुणात गेल्याने मांड्यांचे स्नायू झिजलेले असतात, आणि दुबळ्या स्नायूंना त्याच कामासाठी अधिक श्वास लागतो. रोजचे चालणे टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करणे याचा इथे चांगला उपयोग होतो. जखमेच्या रेषेत बधिरपणा किंवा जळजळ महिनोन्‌महिने राहू शकते, कारण बरगडीखालून जाणारी नस शस्त्रक्रियेत दुखावलेली असते. त्यावर वेगळी औषधे आहेत, ती मागून घ्यावीत. मात्र सुधारत असलेला दम अचानक वाढला, ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा छातीत धडधड सुरू झाली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.