चेता-मूलपेशींमधील मेद चयापचय आणि स्वमग्नता

गर्भाचा मेंदू घडवणाऱ्या मूलपेशी मेदाम्लांचे ज्वलन करतात. हे ज्वलन मंदावले की त्यांचा साठा वेळेआधी ओसरतो, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. या ज्वलनाला कार्निटीन हे द्रव्य लागते. ते तयार करणाऱ्या एका जनुकातील दोष काही स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलग्यांमध्ये सापडतो. ही दोन निरीक्षणे एकमेकांना जोडून एक गृहीतक उभे राहिले आहे: कार्निटीनअभावी मूलपेशींचा साठा लवकर ओसरणे हे स्वमग्नतेचे एक कारण असावे. स्वमग्नतेशी शेकडो जनुके निगडित आहेत, त्यामुळे हे गृहीतक खरे ठरले तरी ते फार तर एका छोट्या गटाला लागू पडेल.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्या ऊर्जेतील जवळजवळ २० टक्के वाटा तो घेतो, आणि तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. त्यामुळे मेंदूच्या संदर्भात मेद म्हटले की पेशींची आवरणे आणि चेतातंतूंवरील मायलिन एवढाच विचार बराच काळ होत असे. चेतापेशी मेदाम्ले क्वचितच जाळतात, हेही खरेच आहे. त्यांना जन्म देणाऱ्या मूलपेशींची रीत मात्र वेगळी निघाली.

लांब साखळीच्या मेदाम्लांना तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतील ऊर्जाकेंद्र) आतल्या पटलातून थेट आत जाता येत नाही. सीपीटी-१ हे विकर (एन्झाइम) त्यांना कार्निटीनशी जोडते आणि त्या जोडीने ती आत पोहोचतात. आत गेल्यावर प्रत्येक फेरीत दोन कार्बनांचा तुकडा सुटत जातो. या क्रियेला बीटा-ऑक्सिडीकरण म्हणतात. तिचा मूळ उलगडा जर्मन रसायनतज्ज्ञ फ्रान्झ नूप यांनी १९०४ मध्ये केला. कार्निटीन १९०५ मध्ये मांसाच्या अर्कात सापडले. तांबड्या मांसात ते भरपूर असते, दुधात थोडे, धान्ये व भाज्यांत अगदी कमी. शरीर ते स्वतःही बनवते. हे काम चार टप्प्यांत होते. त्यांपैकी पहिला टप्पा पार पाडणाऱ्या विकराचे जनुक टीएमएलएचई हे एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्यांकडे एक्स गुणसूत्र एकच असल्याने त्यातील दोषाची भरपाई करणारी दुसरी प्रत त्यांच्याकडे नसते.

ह्यूस्टन येथील बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधील आर्थर बोडे यांच्या गटाने २०१२ मध्ये या जनुकाचा एक तुकडा गळालेल्या पुरुषांची मोजणी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण पुरुषांत हे प्रमाण ३६६ मध्ये १ निघाले, म्हणजे हा दोष मुळीच दुर्मिळ नाही. एकच मूल स्वमग्न असलेल्या कुटुंबांत ते लक्षणीय वाढलेले नव्हते. जिथे दोन किंवा अधिक भाऊ स्वमग्न होते तिथे मात्र १३० मध्ये १, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते. तरीही दोष असलेल्या शंभर मुलग्यांपैकी दोन ते चारच स्वमग्न होतात, असा या गटाचा अंदाज आहे. बातम्यांमध्ये ‘स्वमग्नतेचे जनुक सापडले’ असे मथळे येतात तेव्हा नेमका हाच आकडा गाळलेला असतो.

एवढ्या कमी जणांत का होईना, परिणाम घडतो तो कसा, या प्रश्नाचे एक उत्तर टेक्सस ए अँड एम विद्यापीठातील व्हायटस बँकायटिस, झिगांग शिए आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडले. गर्भाच्या मेंदूतील पोकळ्यांच्या कडेने चेता-मूलपेशींचा थर असतो. मूलपेशी विभागली की तिच्या दोन्ही कन्यापेशी मूलपेशीच राहू शकतात, एक राहून दुसरी चेतापेशी होण्याच्या वाटेला लागू शकते, किंवा दोघीही त्या वाटेला जाऊ शकतात. तिसरा प्रकार वाढला की बियाण्याची ज्वारीच दळून खाल्ल्यासारखे होते: तात्पुरते भागते, पण पुढच्या पेरणीला काही उरत नाही. उंदरांच्या भ्रूणांतील मूलपेशींत टीएमएलएचई किंवा सीपीटी-१ए (सीपीटी-१चा एक प्रकार) यांची क्रिया घटवली, तेव्हा हाच तिसरा प्रकार बळावला आणि मेंदूच्या बाह्यकातील (बाहेरच्या थरातील) मूलपेशींचा साठा आटला. मार्गातील वेगवेगळ्या टप्प्यांवर अडथळा आणून परिणाम तोच आला, ही या कामाची खरी ताकद आहे. दोष त्या मूलपेशींतच होता. आईच्या किंवा गर्भाच्या इतर अवयवांतील बिघाडाची त्याला गरज नव्हती.

प्रौढ उंदरांच्या मेंदूतील मूलपेशींवर झालेले कामही मेदाकडेच बोट दाखवते. मार्लेन नोब्लोख आणि सेबास्टियन येसबर्गर यांच्या २०१३ व २०१७ च्या अभ्यासांनुसार, शांत पडून असलेल्या मूलपेशी मेदाम्ले जाळतात, तर वेगाने विभागणाऱ्या पेशी मेदाम्ले नव्याने बांधतात. याचा अर्थ मेद हे इथे केवळ इंधन नाही. ते जाळायचे की बांधायचे, यावर पेशीची पुढची वाट काही अंशी ठरते.

या मांडणीत एक अवघड सांधा आहे, तो काळाचा. मानवात बाह्यकातील बहुतेक चेतापेशी जन्माआधीच तयार झालेल्या असतात, आणि त्या काळात गर्भाला वारेतून आईचे कार्निटीन मिळत असते. मग गर्भाच्या मूलपेशींना तुटवडा जाणवावा कसा? मूलपेशींना स्वतःपुरते कार्निटीन स्वतःच बनवावे लागत असेल, तर हा पेच सुटू शकतो. उलट बोडे यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या गृहीतकाचा भर जन्मानंतरच्या काळावर आहे. अर्भकाच्या आहारात मिळणारे कार्निटीन कमी पडून मेंदूत त्याची उणीव होते आणि मुलग्यांना तिचा जास्त फटका बसतो, असे ते म्हणतात. दोन्ही गृहीतके एकाच रेणूभोवती फिरतात म्हणून त्यांना एक समजण्याची चूक होते. पहिले खरे असेल तर दोन वर्षांच्या मुलाला कार्निटीन देऊन गर्भावस्थेत आटलेल्या मूलपेशी परत मिळणार नाहीत.

टीएमएलएचई दोष असलेल्या एका मुलात कार्निटीन सुरू केल्यावर मिळवलेली कौशल्ये गमावणे थांबले आणि काही सुधारणा दिसली, अशी नोंद २०१५ मध्ये झाली. एका मुलावरून उपचार ठरत नाही. व्यायामशाळांच्या आसपास विकली जाणारी कार्निटीनची पावडर स्वमग्न मुलाला स्वतःच्या मनाने देण्याला तर कोणताच आधार नाही. रक्ततपासणीत कार्निटीनची खरी उणीव आढळली, तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याची रीत जुनीच आहे.

अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट या औषधाचाही उल्लेख या संदर्भात येतो. गरोदरपणी ते घेतल्यास मुलातील स्वमग्नतेचा धोका वाढतो, हे डेन्मार्कमधील २०१३ च्या मोठ्या अभ्यासात दिसले, आणि हेच औषध शरीरातील कार्निटीन घटवते व मेदाम्लांच्या ज्वलनातही अडथळा आणते. मात्र ते जनुकांच्या वाचनावर नियंत्रण ठेवणारी विकरेही रोखते. त्यामुळे या धोक्यातला नेमका किती भाग मेदाच्या वाटेने येतो, हे केवळ या औषधावरून वेगळे काढता येत नाही.